तीन सोमवारांची लाज

मित्रांनो, मी एक जुना टॅप आहे. पाण्याचा नळ नव्हे. भोकाच्या आतून आटे पाडणारा, पोलादाचा. मालवणात भिकाजी मिस्त्री होड्यांची इंजिने दुरुस्त करत, त्यांच्या डब्यात मी आणि माझा थोरला भाऊ वाढलो. आमचे आटे जाड. लोखंडात ते असे बसत की इंजिन हादरले तरी बोल्ट हलत नसे. त्याचा मला फार ताठा होता.

मिस्त्री गेल्यावर त्यांचा मुलगा सत्यवान आम्हाला वालावलला घेऊन आला. तो लेथवर हाताने शाईची पेने बनवतो. खंडेनवमीला त्याने आम्हाला झेंडूचे फूल वाहिले आणि मी आणखीच फुगलो.

दसरा झाला आणि नर्मदाबाई आल्या. सत्यवानाच्या जुन्या शिक्षिका. त्यांची बहीण सुशीला कुणकेश्वरला असते. तिला ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. बाई दर सोमवारी तिला पत्र लिहितात.

"माझी बोटां वळनत नाय," बाई म्हणाल्या. "टोपण दोन फेऱ्यांत उघडाक व्हया."

टोपणाला जाड आटेच हवे होते, ते थोरल्याने पाडले. ते बरोबरच होते. पण मग निबेचा भाग जिथे फिरवून बसतो, तिथे नळीत आटे पाडायला सत्यवानाने मला उचलले. त्या पेनात शाई थेट नळीतच भरायची होती. त्याची मुलगी प्राजक्ता म्हणाली, "बाबा, शाई रवता थंय बारीक आटे व्हये." वडिलांचे हत्यार आजवर कधी फसले नाही, असे म्हणून त्याने मला खोबरेल लावले.

नळीची भिंत पातळ होती. माझे जेमतेम तीन आटे बसले, तेही खोल. इथे आपले काम नाही, हे मला कळले होते. काम चुकले की मी करकरतो, मग कारागिराचा हात थांबतो. त्या दिवशी मी करकरलो नाही. फूल वाहिलेल्या हत्याराने कुरकुर कशी करायची, असे वाटले मला!

महिन्याने बाई पेन परत घेऊन आल्या. तीन सोमवार पत्राचा कागद गळलेल्या शाईने माखला होता, तिन्ही पत्रे फाडावी लागली होती.

"पेन बरो आसा," त्या म्हणाल्या. "माझोच हात कापता. कोणा बऱ्या हाताच्या माणसाक दी."

मला तेव्हा गंजून जावेसे वाटले.

सत्यवानाने नळी उघडली. आट्यांतून शाई झिरपली होती. 

"बाई, तुमचो हात नाय," तो म्हणाला. "माझे आटे चुकले."

त्याने लगेच दुसरी नळी कातली आणि प्राजक्ताने दिलेल्या बारीक टॅपने लांबपर्यंत पुष्कळ आटे पाडले. थोरल्याचे टोपण त्यावर तसेच बसले. मी डब्यात पडून ऐकत होतो.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना तेल लावा, जपा. पण मायेपोटी त्यांना नको तिथे लावू नका. आणि आपले चुकते आहे असे कळले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

निब चालते का ते बघायला बाईंनी तिथेच एक ओळ लिहिली आणि प्राजक्ताने ती वाचली: 'प्रिय सुशीला, तीन सोमवार मला वाटत होते, माझा हात गेला.'