कागद जाईल एवढी फट

“सेन्सरी,” बायको म्हणाली.

“सेन्सरी.”

“लीकेज.”

“ते येतं मला,” मिस्त्री म्हणाले. “जन्म गेला त्यात.”

“तरी म्हणा. दोन्ही एकत्र.”

मिस्त्रींनी म्हटले. ‘सेन्सरी’ला जीभ अडखळली, ‘लीकेज’ला मात्र घरच्यासारखी वावरली. टेबलावर संस्थेने वाटलेला कागद होता : ‘टेलिपथीच्या संशोधनाविषयी बोलताना उपयोगी पडणारे चाळीस इंग्रजी शब्द’. सोमवारी परदेशाहून तपासनीस यायचे होते. ते कुणालाही, काहीही, आणि तेही इंग्रजीत विचारू शकतात, असे परिपत्रक निघाले होते. तेव्हापासून संस्थेचा माळी ‘हायपॉथिसिस, हायपॉथिसिस’ असे पुटपुटत झाडांना पाणी घालत होता आणि फाटकावरचा पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याला ‘रँडम’ म्हणून आत सोडत होता. मिस्त्रींची बायको संस्थेच्याच लायब्ररीत होती आणि तिला इंग्रजी येत होते, त्यामुळे त्यांची शिकवणी घरीच चालली होती.

“पण म्हणजे काय?” मिस्त्रींनी विचारले.

“जे मनातून मनात जायला पाहिजे, ते भलत्याच वाटेनं गेलं तर. म्हणजे इकडे एक जण खोकला आणि तिकडे दुसऱ्यानं ऐकलं. फटीतून काही दिसलं. असं.”

“आणि असं झालं तर?”

“तर निकाल धरत नाहीत. बाद.”

“सगळा?”

“त्या खोलीतला सगळाच.”

मिस्त्रींनी तो शब्द वहीत लिहिला आणि त्याच्याखाली पट्टी न लावता सरळ रेघ ओढली. इतकी सरळ रेघ यायला तीस वर्षे सुतारकाम करावे लागते. बायकोने त्या रेघेकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग म्हणाली, “पुढचा शब्द, रेप्लिकेट.”

प्रयोगाची खोली मिस्त्रींनीच बांधली होती. खोली कसली, मोठ्या खोलीच्या पोटात बसवलेली लाकडी पेटीच. तिला दुहेरी फळ्यांचे दार, फळ्यांमध्ये लोकर, चारी कडांना रबराची पट्टी. दार बसवल्यावर मिस्त्रींनी आपली नेहमीची परीक्षा घेतली. कागदाची एक पट्टी चौकटीत धरायची, दार लावायचे आणि पट्टी ओढायची. सरकली तर फट आहे. वितीवितीच्या अंतरावर त्यांनी ओढून पाहिले. कुठे सरकली नाही. संशोधन चालवणाऱ्या मॅडमनीही ओढून पाहिले आणि म्हणाल्या, “मिस्त्री, हे दार म्हणजे आमचं अर्धं संशोधन आहे.” हे वाक्य मिस्त्रींनी घरी इतक्यांदा सांगितले की शेवटी बायकोने ‘उरलेलं अर्धं कुणी करतंय की नाही?’ असे विचारले.

उरलेले अर्धे तिनेच केले, हीच तर पंचाईत झाली.

प्रयोग साधा होता. चार चित्रे : होडी, घोडा, शिडी आणि छत्री. एकाने लांबच्या खोलीत बसून त्यांतले समोर येईल ते चित्र मनापासून बघायचे, दुसऱ्याने पेटीत डोळ्यांवर पट्टी बांधून ते ओळखायचे. अशा चाळीस फेऱ्या. नुसते अंदाजाने ठोकून दिले तरी दहा बरोबर येतात, असे मॅडमचे गणित होते. एकमेकांना ओळखणाऱ्या जोड्या हव्या होत्या. मिस्त्रींनी हौसेने बायकोचे नाव आपल्याबरोबर घातले. तिकडे लायब्ररीच्या तळघरातून तिचे नाव बाइंडरबरोबरही गेले, कारण चौदा वर्षे दोघे एका टेबलावर बसत. तो फाटकी पुस्तके शिवायचा, ती त्यांच्यावर क्रमांक घालायची.

बायको पेटीत आणि बाइंडर लांबच्या खोलीत, तेव्हा एकोणीस बरोबर आली.

बायको पेटीत आणि मिस्त्री लांबच्या खोलीत, तेव्हा आठ.

म्हणजे रस्त्यावरचे दोन अनोळखी इसम धरून आणून बसवले असते, तरी दहा आले असते. सव्वीस वर्षांच्या संसाराने त्यातले दोन खाल्ले होते.

मिस्त्रींना आपली बाजू माहीत होती, पण ती कुठे मांडायची सोय नव्हती. समोर होडीचे चित्र ठेवलेले असताना त्यांच्या डोक्यात एकच घोळत होते : पेटीच्या दाराची खालची बिजागरी दमट हवेत धरत, अडकून कुरकुरत तर नसेल? पुढच्या फेरीला घोडा आला, तरी बिजागरी होतीच. चाळिसाव्या फेरीपर्यंत होती.

लेकीचा फोन आला. “बाबा, आई टेलिपथीवाली झाली म्हणे! आता जपून हं, मनातल्या मनातसुद्धा काही बोलू नका.”

“मी बोलतो ते तिला ऐकू येत नाही,” मिस्त्री म्हणाले. “तिची लाइन दुसरीकडे लागलीय.”

लेक खळखळून हसली. मिस्त्री विनोद करत नव्हते.

बायको मात्र खुशीत होती. मॅडमचा लेख मोठ्या मासिकात यायचा होता. नाव छापायची पद्धत नव्हती, पण ‘सहभागी क्रमांक सात’ म्हणून तिच्यावर अख्खा परिच्छेद होता. चोवीस वर्षे तिने दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक दिले होते. आता तिला कुणीतरी क्रमांक दिला होता, आणि ती भांडी घासताना गुणगुणत होती.

शुक्रवारी मिस्त्री तळघरात गेले. पुस्तकांच्या मांडणीची वरची एक फळी हलते आहे, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते. फळी हलत नव्हती, म्हणून ती आधी सैल करावी लागली. तेवढ्या वेळात त्यांनी टेबलाकडे पाहून घेतले. बाइंडर हडकुळा, चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला, बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस होता. त्याने पुस्तकावरची नजर न उचलता हात पुढे केला. बायकोने, तीही रजिस्टरातून डोके न काढता, त्या हातात कात्री ठेवली. थोड्या वेळाने हात पुन्हा आला, आणि या वेळी तिने सरसाची वाटी सरकवली. शब्द एक नाही.

घरी हीच बाई त्यांनी हातोडी मागितली की ‘कुठली?’ म्हणून विचारत असे.

“तुम्ही दोघं बोलत नाही का?” मिस्त्रींनी वरून विचारले.

“बोलतो की,” बाइंडर म्हणाला. “सकाळी आल्यावर. काय हो, ताई?”

“हो. जाताना पण,” बायको म्हणाली.

तो तिला ताई म्हणायचा. ताई म्हणणाऱ्या माणसावर संशय घ्यायचीही सोय नसते. भांडण काढावे, तर ते काढायला टोक सापडत नाही. मिस्त्रींच्या छातीत नुसतेच काहीतरी रंधा मारल्यासारखे सोलत राहिले.

“मिस्त्री, एक सांगू?” बाइंडर चष्मा वर सारून म्हणाला. “सगळे आम्हाला शाबासकी देतात. पण खरं काम तुमच्या त्या दाराचं आहे. असलं दार मी जन्मात पाहिलं नाही.”

मिस्त्रींनी फळी होती त्यापेक्षा घट्ट केली आणि ते शिडी उतरले.

सोमवारी तपासनीस आले. उंच, शांत आणि हातात छोटी वही. त्यांनी मॅडमला पुष्कळ विचारले, बाइंडरला थोडे विचारले, ‘सहभागी क्रमांक सात’शी हात मिळवला. बायकोने ठेवणीतला पोशाख घातला होता. मग ते दाराशी आले. त्यांनी ते उघडले, लावले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ब्यूटिफुल.”

हा शब्द चाळिसांत नव्हता, पण मिस्त्रींना कळला. तीस वर्षांत त्यांच्या कामाला इतक्या लांबून येऊन कुणी काही म्हटले नव्हते. तेवढ्यावर गप्प राहायला हरकत नव्हती.

“सर,” मिस्त्री म्हणाले. “सेन्सरी लीकेज.”

खोलीत सगळे थबकले.

“माय डोअर,” मिस्त्री म्हणाले. “गॅप. ट्रायल टाइम, गॅप. आफ्टर, आय रिपेअर.”

मॅडम म्हणाल्या, “मिस्त्री, अहो, काय बोलताय? आपण दोघांनी कागद ओढून पाहिला होता!”

“नंतर लाकूड आकसलं,” मिस्त्री म्हणाले. “मी गुपचूप नीट केलं. लाज वाटली सांगायला.”

तपासनिसांनी विचारले, “आर यू शुअर?”

“आय मेड इट,” मिस्त्री म्हणाले.

स्वतःच्या कामाची खोट स्वतःच सांगणाऱ्या माणसाकडे कुणी पुरावा मागत नाही. तपासनिसांनी वहीत लिहिले, मिस्त्रींचे मनापासून आभार मानले, आणि असा प्रामाणिकपणा संशोधनात दुर्मीळ असतो, असेही म्हणाले. पेटीतल्या सगळ्या फेऱ्या बाद झाल्या. त्यांत बाइंडरच्या एकोणिसांबरोबर मिस्त्रींचे आठही गेले. बायकोने मिस्त्रींकडे एकदा पाहिले आणि पर्स उचलून ती तळघरात कामाला गेली.

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या करत होती. मिस्त्री समोर बसून होते.

“‘सेन्सरी’ अगदी बरोबर म्हणालात,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी खाली पडलेला एक रुमाल उचलून तिच्यापुढे ठेवला.

“किती होती?”

“काय?”

“फट.”

“कागद जाईल एवढी.”

“तुमच्या दाराला,” ती म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला. “दहा वर्षांमागे आपल्या न्हाणीचं दार पाव बोटानं कमी भरलं, तर रात्रभर झोपला नव्हतात. सकाळी उठून नवीन केलंत.”

“झालं ते झालं.”

“झालंच. आता सगळंच बाद आहे, म्हणून सांगते.” तिने अभ्र्याची घडी गुडघ्यावर सारखी केली. “आपल्या फेऱ्या होत्या ना, तेव्हा मला दर वेळी दारच दिसायचं.”

“कसलं दार?”

“तेच, पेटीचं. डोळ्यांवर पट्टी, तरी आपलं दार. आणि खालची बिजागरी. ती धरतेय, धरतेय, असं सारखं वाटायचं. चाळीसच्या चाळीस वेळा. पण त्यांच्या चित्रांत दार नव्हतं. मग मी एकदा छत्री सांगायची, एकदा घोडा.”

“आणि... त्याच्या वेळी?”

“त्याच्या वेळी कधी होडी, कधी शिडी. दार नाही दिसलं कधी.”

“मग मॅडमना सांगायचं नाहीस का?”

“काय सांगू? त्यांच्या कागदावर रकाने चारच.” ती उठली आणि घड्यांची चळत कपाटात ठेवून आली. “आणि तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही ‘आठ’ ऐकलंत आणि त्या दिवसापासून जे तोंड फिरवलंत, ते शब्द विचारायलाच इकडे केलंत.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून चिठ्ठी आली. पेटीचे दार काढून कोठारात टाकावे. बाहेरून पोलादी दार मागवले आहे.

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गेले. खोलीत कुणी नव्हते. त्यांनी शब्दांच्या वहीतून एक पान फाडले, त्याची पट्टी केली, चौकटीत धरली आणि दार लावले. ओढली. सरकली नाही. वर धरून पाहिली, मधे धरून पाहिली. मग खाली धरून दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ती फाटली. निम्मी हातात आली, निम्मी दारातच राहिली.

ते गुडघ्यांवर बसले आणि दार हळूच हलवून त्यांनी खालच्या बिजागरीला कान लावला. ती धरत होती. अगदी जराशी.

मिस्त्रींनी पिशवीतून तेलाची बुधली काढून तिला दोन थेंब दिले. दार दोनदा उघडून लावून पाहिले. आता आवाज येत नव्हता. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.