क्रीम तरंगलं

माझा धाकटा भाऊ फिन्टन एकतीस वर्षं हॉटेलच्या बारमध्ये होता. विस्की घातलेली कॉफी करावी तर त्यानेच, असं आमचं अख्खं किलरश गाव म्हणायचं. आता बायको गेली, नोकरी सुटली, आणि गेल्या हिवाळ्यापासून विसरणंही वाढलंय. दोनदा शेगडी तशीच पेटती ठेवून चर्चला गेला.

त्याची मुलगी इटा त्या रविवारी गॉलवेहून आली ती वृद्धाश्रमाचा फॉर्म बॅगेत घेऊनच. बाई शिस्तीची. दारूला शिवणार नाही अशी सोळाव्या वर्षी शपथ घेतली, तेव्हापासून शपथेची ती बारकी पिन तिच्या स्वेटरवर आहे. तीस वर्षं. माझं तिच्याशी कधी फारसं जमलं नाही, खोटं कशाला बोलू.

दुपारचं जेवण झालं. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "आत्या, आज बाबांना एकट्याने कॉफी करू दे. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

"आणि चुकला तर?"

"तर आजच सही."

मी हाताची घडी घालून बसले. फिन्टनने गरम पाणी ओतून तीन ग्लास तापवले. तपकिरी साखर घातली. "साखर विसरलं की क्रीम बुडतं," स्वतःशीच पुटपुटला. दोन ग्लासांत विस्की ओतली, तिसरा इटासाठी नेहमीसारखा तसाच ठेवला. मग कॉफी ओतून ढवळली. शेवटी चमचा उपडा धरून त्यावरून अर्धवट फेटलेलं क्रीम सोडलं. क्रीम तरंगलं. खाली काळं, वर पांढरं, मध्ये सरळ रेघ. माझा जीव भांड्यात पडला.

"घ्या. आणि आता कोणी ढवळलं तर बघा," म्हणत त्याने ग्लास वाटले.

मी घोट घेतला. नुसती कॉफी. गोड, गरम, आणि विस्कीचा थेंब नाही. दोन ग्लासांत ती पडताना मी डोळ्यांनी पाहिली होती. एक फिन्टनकडे, तो मिटक्या मारत होता. दुसरा कुणाकडे, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

इटाचा पहिला घोट अजून तोंडातच होता. संपलं, मी म्हटलं. आता बॅग उघडेल. काय थाप मारावी याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले.

"पूर्वीसारखी जमलीय का गं?" फिन्टनने तिला विचारलं. फॉर्मचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो काही खुळा नाही. घाबरला होता.

इटाने घोट गिळला. "जमलीय, बाबा," ती म्हणाली, आणि ग्लासाचा तळ दिसेपर्यंत सावकाश प्यायली.

मग म्हणाली, "मी आज राहते. उद्या जाईन."

"का? रस्ता तर कोरडा आहे."

"गाडी चालवायचा कंटाळा आलाय."

तो खुशीत तिचं अंथरूण घालायला वर गेला.

"तुझ्यात नव्हती ना?" तिने मला विचारलं.

"नव्हती."

तिने स्वेटरवरची पिन काढली, बॅगेत फॉर्मवर ठेवली आणि चेन ओढली. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा तिच्याबद्दल माया वाटली. मी काही बोलणार तोवर ती उठून शेगडी बंद आहे का बघायला गेली होती.