राजारामच्या डंकाला तक्रार हवी

आमच्या जोगेश्वरीतल्या राजाराम परबाच्या मसाला कांडायच्या डंकाबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती, आणि नेमकी तिथेच त्याची वाट लागली.

झालं असं, की हायवेला काचेच्या दाराचं एक मसाल्याचं दुकान निघालं. दारावर सोनेरी विश्वासचिन्ह. हे चिन्ह म्हणे अंधेरीचं कुठलंसं 'उपनगर ग्राहक विश्वास मंडळ' देतं. ते एकदा चिकटवलं की मिरचीत विटेचा भुगा असला तरी लोकांना तो झणझणीत लागत असावा. राजारामची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. शेवटी त्याचा मुलगा सौरभ स्पष्टच बोलला, "बाबा, या सीझनला चिन्ह मिळालं नाही ना, तर डंक विकायचा. मग रडत बसू नका."

मंडळाचे अधिकारी ओजससाहेब टॅबलेट घेऊन तपासणीला आले.

"गेल्या वर्षभरातल्या तक्रारी?"

"एक पण नाय," राजाराम छाती फुगवून म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. "मग तुम्ही तक्रार सोडवता कशी, ते आम्ही तपासायचं कसं? निदान एक तरी लागेल, काका. तक्रार, तिचं निवारण आणि ग्राहक समाधानी असल्याची सही. सोमवारी येतो मी."

ज्याच्या घरी चोरी झाली नाही त्याला कुलूप मिळणार नाही, असा हा न्याय. बिचारा राजाराम रांगेतल्या आम्हा बायकांना विनवू लागला, "वयनी, कायव लिवा, पण लिवा!"

आता डंकासमोर आम्ही नाकाला पदर लावून तास न् तास बसतो, ते काही शिंकायची हौस म्हणून नाही. नजर हटली की आपल्या मिरच्या दुसऱ्याच्या डब्यात जातात, हे प्रत्येकीला आईने शिकवलेलं. पण लिहून द्या म्हटल्यावर सगळ्या गरीब गाई झाल्या. मालनने तर 'मसाला फार छान असतो' अशी तक्रार लिहिली. मीही हात झटकले. शेजारात राहायचं असतं, उगाच लेखी कशाला?

मग सौरभने जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर धुंडाळून जयंतीताईला बोलावलं. ती पलीकडच्याच गल्लीत राहते, पण कित्येक वर्षांत डंकाकडे फिरकली नव्हती. सोमवारी ती आली तेव्हा रांग भरलेली होती आणि साहेब खुर्चीत बसले होते.

"खरी सांगू की खोटी?" तिने विचारलं.

"कायव चलात," राजाराम हसत म्हणाला.

"मग खरीच ऐका. आमच्या प्रांजलच्या लग्नाच्या वर्षी मी मिरच्या तुमच्यावर टाकून शिंप्याकडे गेले. आले, डबा उचलला, गेले. हळदीच्या रात्री मटणाला रंगच चढेना. व्याही ताटात बघून म्हणाले, 'पथ्याचं आहे का?' एकेक बेडगी निवडून घेतली होती मी, राजारामभाऊ. माझी पोर मान खाली घालून बसली होती."

सौरभने धावत जाऊन डंक बंद केला. ओजससाहेबांना मात्र आनंद मावेना.

"वा! इतकी अस्सल तक्रार आम्हाला मिळत नाही हो. आता निवारण. कारण काय लिहू? कर्मचाऱ्याची चूक, यंत्रातला बिघाड की गैरसमज? कुठलंही निवडा, काका."

"आम्ही पाच किलो मसाला फुकट देतो," सौरभ घाईघाईने म्हणाला.

"मसाला नको," जयंतीताई म्हणाली. "बदलला होता का, तेवढं सांगा."

'यंत्रातला बिघाड' म्हटलं असतं तर डंक वाचत होता, आणि यंत्राने काही ते मनाला लावून घेतलं नसतं. राजारामने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. पुसतच राहिला.

"होय. मीच बदलला," तो म्हणाला. "हॉटेलवाल्याची ऑर्डर होती. तेका रंग होयो होतो, नि तुमच्या मिरचेक रंग होतो. चुकलंय, वयनी."

जयंतीताईने टॅबलेट ओढून घेतला आणि 'समाधानी'च्या खाली बोटाने सही केली.

"पण जाणूनबुजून फसवल्याचं कबूल केलं तर चिन्ह देता येत नाही," साहेब हळहळले. "त्या हायवेवाल्यांकडे बघा. ढीगभर तक्रारी आणि सगळे यंत्रातले बिघाड. किती नीट चाललंय त्यांचं!" आणि ते निघून गेले.

सौरभ कपाळाला हात लावून बसला. मालनने आपलं स्टूल डंकाच्या आणखी जवळ ओढलं. मला राजारामचा संताप आला होता, आणि त्याला असं टॉवेल धरून उभं राहिलेलं बघवतही नव्हतं.

"कांडपाचा दर काय आता?" जयंतीताईने विचारलं.

राजारामने चाचरत सांगितला.

"एवढा? ही लूट झाली! आणि हे बाकडं मोडलंय, ते कधी दुरुस्त करणार? पंखा तर सगळा खकाणा आमच्याच तोंडावर मारतो. उद्या सकाळी मिरच्या घेऊन येतेय मी. तोवर सगळं नीट झालेलं पाहिजे, काय?"

"होय, वयनी," राजाराम म्हणाला.

मग मलाही राहवेना. गेल्या साली माझ्या मसाल्यात खडा निघाला होता, त्यावरून मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.