तारवाला, भाग दोन

बाबा टेलिफोन खात्यात तारा जोडायचे. वादळ झालं, दरड कोसळली की डोंगरातल्या गावांची वाचाच बसायची. मग खांद्यावर तारेचं वेटोळं, कमरेला पट्टा आणि गळ्यात तपासणीचा फोन अडकवून बाबा निघायचे, ते दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. लोक त्यांना नावाने ओळखतच नसत. तारवाला म्हणत. घरात त्यांचं बोलणं जेमतेम. दुसऱ्यांचं बोलणं जोडता जोडता यांचं स्वतःचं संपून गेलं, असं आई म्हणायची. पुढे आई गेली आणि त्यांची अशी थट्टा करणारंही कोणी उरलं नाही.

त्यांच्या थोरल्या मुलाने, दादाने, मोठेपणी बाबांवर एक व्हिडिओ गेम बनवला. नाव तेच ठेवलं, ‘तारवाला’. खेळणाऱ्याने डोंगर चढायचा, तुटलेली तार शोधायची, खांबावर चढून ती जोडायची. जोडली की फोन कानाला लावायचा आणि दोन्हीकडची माणसं बोलताना ऐकायची. कोणी आईला खुशाली सांगतंय, कोणी विकलेल्या गाईची चौकशी करतंय, कोणी उगाचच भांडतंय. त्यात कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. ऐकून झालं की पुढचा खांब. दादा आणि त्याचे दहा-बारा सोबती एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून हे सगळं करत. खाली छपाई सुरू झाली की वर टेबलावरचे कप थरथरायचे.

पहिली प्रत बाबांना दिली. बाबा मन लावून दोन खांब चढले आणि त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हे मी जन्मभर केलं. आता घरी बसून परत तेच कशाला करू?”

दादा हसला. ते हसणं उसनं होतं, हे शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला कळलं.

दादा तिला अजूनही छोटी म्हणायचा. ती त्याच कंपनीत होती जिने दादाचा गेम बाजारात आणला होता. कंपनी कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, बनवायची आणि दादाचा स्टुडिओ तिने केव्हाच विकत घेतला होता. छोटी नियोजन विभागात काम करायची. कोणत्या गेमचा पुढचा भाग काढायचा आणि कोणत्या गेमला मूठमाती द्यायची, हे त्या विभागात ठरायचं. बाहेरच्यांना वाटतं, जो खपला त्याचा पुढचा भाग निघतो. इतकं सरळ ते नसतं. या गेमपायी कोणी आपलं कन्सोल घेतलं का, हा तिथला पहिला प्रश्न. मग, किती जणांनी तो शेवटापर्यंत खेळला. कारण ज्याने पहिला भाग अर्ध्यात टाकला तो दुसऱ्याकडे वळूनही बघत नाही. आणि एक प्रश्न असा, जो कोणी मोठ्याने विचारत नसे, पण मनात सगळ्यांच्या असायचा: सध्या कोणत्या स्टुडिओचे हात रिकामे आहेत? माणसं बसून असली तरी पगार चालूच असतात.

‘तारवाला’च्या दुसऱ्या भागाचा विषय बैठकीत येणार असं ठरलं, तेव्हा छोटी दुपारची छापखान्यावरच्या त्या खोलीत गेली. दादाने भिंतीवर नवीन चित्रं लावली होती. चित्रातला तारवाला म्हातारा झाला होता.

“आता त्याला कमी ऐकू येतं,” दादा म्हणाला. “आणि आता त्याला तारा जोडायच्या नाहीत, उतरवायच्या आहेत. लोकांकडे मोबाइल आले. एकेक गाव बंद करत तो खाली येतो.”

छोटी बराच वेळ चित्रं बघत राहिली. “दादा, तारा उतरवायचा गेम कोण खेळेल?”

“ज्यांनी जोडल्या ते खेळतील.”

“ते थोडे आहेत.”

“थोडे आहेत, पण पक्के आहेत,” दादा म्हणाला. “तू मांड तर खरं. नाही म्हणाले तर नाही. आपण काही कोणाच्या दारात धरणं धरणार नाही.”

त्याचं शेवटचं वाक्य छोटीने तेव्हा नीट ऐकलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, काहीही करून ‘तारवाला’ वाचवायचा.

विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. छोटीने त्यांना आधीच सांगून टाकलं होतं की हा माझ्या सख्ख्या भावाचा गेम आहे.

“ठाऊक आहे,” मॅडम म्हणाल्या. “तू मांड. मत मात्र देऊ नकोस.”

मग छोटी कामाला लागली. आकडे तिच्या बाजूने नव्हते. गेमपायी कन्सोल घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. निम्म्याहून जास्त लोक तिसऱ्या-चौथ्या खांबावरच कंटाळून उतरलेले. पण खणत गेल्यावर तिला एक गोष्ट सापडली. कधीच गेम न खेळणाऱ्या लोकांना कंपनीने विचारलं होतं, आमच्या कन्सोलवरचा एखादा गेम आठवतो का? आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ‘तारवाला’ सांगितला होता. खेळला नव्हता कोणी. पण ढगांच्या पुढे खांबाला बिलगलेला तो एकटा माणूस त्यांच्या लक्षात राहिला होता. छोटीला हर्ष झाला. तिने त्याच्यावरच सगळी मांडणी उभी केली.

बैठकीची खोली लांबट होती, आणि पडदे ओढलेले असल्यामुळे दिवसासुद्धा दिवे लावावे लागत. छोटी बोलली छान. इतकी छान की एरवी फोनमध्ये डोकं घालून बसणारे जाहिरात विभागाचे गृहस्थही मान वर करून ऐकू लागले. हे नाव लोकांना आपलं वाटतं, ती म्हणाली, आणि असं नाव पैसे ओतून तयार होत नाही. ते हातचं घालवू नये.

“पटलं,” मॅडम म्हणाल्या. “नाव घालवायचं नाही. चित्रही घालवायचं नाही.” त्यांनी समोरचे कागद जरा मागे सरकवले. “पण गेम लोकांना आवडलेला नाही, हे तुझेच आकडे सांगतायत. मग तोच गेम त्याच माणसांकडून पुन्हा कशाला करून घ्यायचा? आपला मोठा स्टुडिओ उन्हाळ्यापासून मोकळा बसलाय. त्यांना देऊ. पळापळ, पाठलाग, तारा चोरणारी टोळी, असं काहीतरी घालतील ते.”

“हे चालेल,” जाहिरातवाले म्हणाले.

“आणि छापखान्यावरची मंडळी?” कोणीतरी विचारलं.

“ज्यांना यायचंय त्यांना सामावून घेऊ. तो स्टुडिओ आता बंदच करावा लागेल.” मॅडम छोटीकडे वळल्या. त्या वाईट बाई नव्हत्या; त्यांचा आवाज मऊ होता. “तुला काही म्हणायचं आहे?”

म्हणायचं पुष्कळ होतं. पण मत देऊ नकोस असं तिला बजावलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं, काहीच न राहण्यापेक्षा नाव तरी राहतंय, हेही नसे थोडके.

“नाही,” ती म्हणाली.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी कळवायला जाणार होता. छोटी त्याच संध्याकाळी गेली. बाकीची मंडळी घरी गेली होती. दादा खिडकीशी उभा राहून कप विसळत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसलो तर सांगवणार नाही याची तिला खात्री होती.

दादाने कप उपडा घातला. हात पुसले.

“गेम बंद का नाही केला?” त्याने विचारलं.

“अरे, बंदच होणार होता. मी भांडले म्हणून...”

“तुला कोणी सांगितलं होतं भांडायला?” त्याचा आवाज चढला नाही. “नाही म्हणाले तर नाही, असं मी बोललो होतो. बंद पडलेल्या गेमचं कोणी काही बिघडवू शकत नाही, छोटी. तो जसा आहे तसा राहतो.”

“मला वाटलं, नाव तरी राहील.”

“नाव माझं कुठे होतं? बाबांचं होतं. मी मागून आणलं होतं.”

खाली छपाई सुरू झाली. मग दादा भिंतीवरची चित्रं काढू लागला. छोटी मदतीला पुढे झाली, तर तो म्हणाला, “राहू दे, मी करतो.” ती दारापर्यंत आली, थांबली, आणि तशीच जिना उतरली.

त्यांच्यात भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. दादा मोठ्या स्टुडिओत गेला नाही. दवाखान्यांतल्या यंत्रांचे पडदे बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. नाडी कुठल्या रंगात दाखवायची, धोक्याची खूण केवढी काढायची, असं काम. फोन केला की तो नीट बोलायचा. तब्येत विचारायचा, ऑफिस विचारायचा, आणि फोन ठेवायचा. पूर्वी तो फोन ठेवायला तयार नसायचा.

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघांनीही सांगितलं नाही. एकमेकांना न विचारताच.

यथावकाश दुसरा भाग आला आणि धो धो चालला. बसथांब्यांवर ढगांतल्या खांबाची चित्रं लागली. बाबांचं तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत जेमतेम कोपऱ्यापर्यंत जायचे. तिथेच त्यांना ते चित्र दिसलं. त्यांनी परस्पर दुकानातून गेम मागवला, आणि चार-आठ दिवसांनी दोन्ही मुलांना फोन केला. रविवारी या, म्हणाले. बाबांनी आपणहून कधी बोलावलं नव्हतं, म्हणून दोघंही धावत आली.

बाबा कोचावर पाय लांब करून खेळत होते. पडद्यावरचा तारवाला एका खांबावरून दुसऱ्यावर झेप घेत होता. खालून चोरांची टोळी मागे लागली होती. बाबांनी एकाला वेटोळं फेकून आडवा केला.

“असं कुठे असतं का?” ते म्हणाले. “मी अशी उडी मारली असती तर तुम्ही दोघं झाला नसतात. पण मजा येते हो.” मग पडद्यावरची नजर न काढता ते दादाला म्हणाले, “तो पहिला तू माझ्यासाठी केला होतास, ते मला समजलं होतं. पण तो रडका होता. आता कुठे तुला जमलं बघ.”

छोटीने दादाकडे पाहिलं. दादा खाली बघत होता.

“हो, बाबा,” तो म्हणाला.

“ये, बस इथे. या पुलावर अडलोय मी परवापासून. कुठून जायचं?”

दादा शेजारी बसला. कंट्रोलर हातात घेऊन त्याने इकडे जाऊन पाहिलं, तिकडे जाऊन पाहिलं. तारवाला दोनदा दरीत पडला.

“अरे, तूच बनवलास आणि तुलाच रस्ता माहीत नाही?” बाबा हसले. असे मोकळे हसताना छोटीने त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“विसरलो, बाबा. पुष्कळ दिवस झाले.”

छोटी चहाच्या निमित्ताने आत गेली. थोड्या वेळाने दादा पाणी प्यायला आला.

“त्यांना सांगूया का खरं?” तिने हळूच विचारलं.

“काय सांगणार? जन्मात पहिल्यांदा मला जमलं म्हणाले.” त्याने पेला भरला, पण प्यायला नाही. “तुझे आकडे बरोबर होते, छोटी. मी ज्यांच्यासाठी केला, तेसुद्धा दुसऱ्याच खांबावर उतरले होते.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने त्याच्या दंडाला हात लावला. तो पाणी प्यायला आणि मग बाहेर जाऊन बाबांजवळ बसला.

तिसरा भाग ठरला तेव्हा कुणाला काही मांडावंही लागलं नाही. मॅडमनी जाता जाता जिन्यातच सांगितलं.

हल्ली दादाचा फोन पुन्हा वरचेवर येतो. “बाबा विचारतायत, पुढच्या भागात काय काय आहे,” तो म्हणतो. “थोडंफार सांग. म्हणजे मला त्यांना सांगता येईल.”

खरं तर हे ऑफिसबाहेर बोलायला सक्त मनाई आहे. छोटी दार लावून घेते आणि सांगते. या वेळी बर्फ आहे. एक झुलता पूल आहे. तारवाल्याला आता एक कुत्रा आहे.

“कुत्र्याचं नाव काय?” दादा विचारतो.

ती नाव सांगते. तो ते एकदा स्वतःशी म्हणून बघतो, पाठ करावं तसं.

“बरं,” तो म्हणतो, आणि फोन ठेवतो.