एक तरी बुडबुडा

व्हॉल्व्हमधून काढलेली पितळेची पिन तिच्या तळहातावर होती, गव्हाच्या दाण्याएवढी, टोकाला काळं रबर असलेली — आणि चाकातली हवा सूं करीत बाहेर येत होती, कोंदट, रबराच्या वासाची, मागच्या वर्षीची हवा. वर्षभर शर्यतीची मोटारसायकल क्वार्टरच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. अर्धीअधिक हवा केव्हाच निघून गेली असणार, ही राहिलेली. म्हणजे नवरा, कल्याण, पडला तेव्हा हीच हवा चाकात होती... दैवशालानं व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट दाबून धरलं. कशाला धरलं, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं बोट काढलं आणि उरलेली हवाही जाऊ दिली.

चार वाजता कल्याणचा दोस्त बद्रीनाथ पिकअप घेऊन येणार होता, गाडी चढवायला. उद्या सकाळी माळावर शर्यत. मागचं चाक तिनं लेक छकुली शाळेला गेल्यागेल्या उरकलं होतं, आता पुढचं. नवा टायर — मोठमोठ्या गट्टूंचा, मातीत रुतून धरणारा — नरम पडावा म्हणून अंगणात उन्हात ठेवला होता, सासूबाईंनी तुरीच्या शेंगा पसरलेल्या चवाळ्याशेजारी. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येत होता. अंकुशनगरात राहणाऱ्याला तो येत नाही म्हणतात. तिला आज येत होता.

लोकांचे नवरे सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटतात, देवाला जातात, नाहीतर पालथे पडून झोपा काढतात. हिच्या वाट्याला आलेला माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी, कारखान्यात फिटरची पक्की नोकरी असताना, नऊ वर्षांच्या पोरीचा बाप असताना, मातीच्या उंचवट्यांवरून गाडी हवेत उडवायचा आणि त्यालाच जगणं म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी त्याचं डावं मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी बसली. क्लच धरता येई, पण टायर चढवायच्या लोखंडी लिव्हरवर जोर देता येईना. तेव्हापासून टायर दैवशाला बसवत आली. तो पायरीवर बसून सांगायचा, ती करायची. चाक गोणपाटावर आडवं ठेवायचं, म्हणजे डिस्कला मार लागत नाही. टाचेनं टायरची कड रिमपासून सोडवायची. साबणाचं पाणी लावायचं. आणि मुख्य म्हणजे समोरची कड रिमच्या खोबणीत दाबून ठेवायची, मग इकडची आपसूक वर चढते. फार जोर करावा लागला तर समजायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. पोरीची शाळा, सासूबाईंचा मोतीबिंदू, माहेरचं येणं-जाणं — दोघांचं खरं बोलणं व्हायचं ते ह्या गोणपाटावरच. कुणाजवळ तिनं हे कबूल केलं नसतं, पण ह्या कामाची ती वाट बघायची.

मागच्या वर्षी मात्र तिनं हात आखडला. "मी न्हाई बसवणार, काय करायचं ते करा," असं म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, आणि तिला वाटलं जिंकले. तो उठला. चाक खांद्यावर टाकून वडीगोद्रीकडे गेला, हायवेवरच्या कुठल्याशा दुकानात घाईघाईनं टायर बसवून आला, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या उडीला... त्या टायरमुळे पडला की कशामुळे, ते कुणी सांगू शकलं नाही. जालन्याच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा तो जागा होता. डोळे उघडे होते. त्यानं तिच्याकडे बघितलं, अगदी नीट, पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, आणि नर्सला विचारलं, "ही बाई कोण हाय?"

तासभर विचारत होता. ती दर वेळी सांगत होती — मी, मी दैवशाला, तुमची दैवशाला — इतक्या घाईनं, जणू उशीर झाला तर ती जागा दुसरं कुणी घेईल. तासाभरानं ओळखलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वेळी निभावलं; पुन्हा डोक्याला मार बसला तर माझ्याकडे घेऊन येऊ नका, कारण माझ्याकडे त्याला औषध नाही. आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी, डाळभात खाता खाता, कल्याण सहज म्हणाला, "तुझ्या हाताचा टायर असता तर पडलो नस्तो."

ते वाक्य ती वर्षभर चघळत होती. लाडानं म्हणाला की ठपका ठेवला, हेसुद्धा तिला ठरवता आलं नव्हतं.

आता तो दुसऱ्याचा हात चाकाला लागू देत नाही. आणि तू नाही म्हणालीस तर मागच्या वर्षीच्या त्याच टायरवर जाईन, म्हणतो. शांतपणे म्हणतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिनं काय कमी केलं होतं? अबोला धरून झाला, सोमवार धरून झाले, हेल्मेट ज्वारीच्या कोठीत पुरून झालं — ते त्यानं हसत हसत उकरून काढलं आणि छकुलीनं टाळ्या वाजवल्या. पोरीलाही बापाचंच वेड. रडूनही झालं. "ही शेवटची," तो म्हणाला. ही शेवटची, हे तिनं चौथ्यांदा ऐकलं.

टायर तापून नरम झाला होता. त्याच्या कडेवरचा बाण कुठल्या दिशेला आहे ते तिनं बघितलं, एक कड रिमवर चढवली. नव्या ट्यूबला छकुलीची पावडर चोळली, आत हात घालून ती सारखी केली, वळ पडू नये म्हणून दोन फुंका हवा भरली. जुनी ट्यूब व्हॉल्व्हपाशी उलत आली होती, ही एकच. ह्या मापाची दुसरी जालन्याशिवाय मिळायची नाही.

सासूबाई, उषाबाई, चवाळ्यापाशी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मग मान वर न करता, शेंगेला बोलावं तसं त्या बोलल्या, "टायर तर तूच बसवतीस."

"हां, आत्या."

"मंग?"

एवढंच. शेंग फुटल्याचा आवाज झाला, दाणे सुपात पडले. दैवशालानं त्यांच्याकडे बघितलं, पण त्या बघत नव्हत्या. त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते नेहमीच येतं. आई आहे ही त्याची, तिच्या मनात आलं. ही असं म्हणते. मग तिला उषाबाईंचा राग यायला हवा होता — आणि आला नाही, कारण त्या बाईनं नवीन काही सांगितलंच नव्हतं. मागचं चाक बसवताना सकाळपासून मी दुसरा कसला विचार करत होते?

ट्यूब चिमटायला काय लागतं? लिव्हर बोटभर जास्त आत सरकवायची, की ट्यूब तिच्याखाली दबून भोक पडलंच. बस्स. सकाळपर्यंत हवा उतरून चाक बसलेलं असेल, माळावर तो चरफडेल, पंक्चर काढतो म्हणणाऱ्या दहाजणांना हात लावू देणार नाही, आणि संध्याकाळी शिव्या देत घरी येईल. घरी येईल... तिला ओळखत घरी येईल.

तिनं चाकावर गुडघे टेकवले आणि पहिली लिव्हर घातली. गुडघे टेकवायचं तिला कल्याणनं शिकवलं नव्हतं. ते माहेरचं. केदारखेड्याच्या शिवारात बाप, रखमाजी, मेंढ्यांची लोकर कातरायचा, तेव्हा मेंढी आडवी पाडून ती गुडघ्याखाली धरायचा आणि तिलाही धरायला लावायचा. "जनावर हातानं धरू नये, पोरी," म्हणायचा. "हाताला राग येतो. गुडघ्याला येत न्हाई." एकदा त्याच्याच हातून एका गाभण मेंढीच्या अंगाला कातर लागली, चांगली वीतभर. त्यानं हळद भरली आणि मग दिवसभर भाकरीला शिवला नाही. आई म्हणाली, कातर निसटली आसंल. तो म्हणाला, "कातर निसटत न्हाई. माझं मन दुसरीकडं होतं, ते हातानं ऐकलं." दैवशाला तेव्हा सात-आठ वर्षांची असेल, तिला ते कळलं नव्हतं. ऊन पाठीवर होतं, टायर गुडघ्यांखाली मेंढीसारखा गप पडला होता, कड थोडी थोडी वर चढत होती, तिसरी लिव्हर, आता शेवटची वीत राहिली... आणि लिव्हरच्या टोकाशी काहीतरी मऊ लागलं. मऊ, आणि मग न लागल्यासारखं.

ती थांबली.

सहा वर्षांत तिच्या हातून एकही ट्यूब चिमटली नव्हती. लागलं की नाही? मी सरकवली की सरकली? तिनं हाताकडे बघितलं. हात लिव्हर धरून होता, साबणानं ओला, नखात काळं. रोज भाकरी थापणारा, पोरीची वेणी घालणारा हात... तो काहीच सांगत नव्हता.

"झालं का गं?" आतून कल्याणचा आवाज. "बद्रीचा फोन आल्ता. निघाला तो."

"होतंय," ती म्हणाली आणि शेवटची कड टप्पकन रिमवर बसली.

तिनं पंप लावला. पंचवीस, तीस, चाळीस झटके. टायर फुगला, कड सगळीकडून सारखी बसली. तिनं कान लावला, काही नाही. थुंकी लावून व्हॉल्व्ह बघितला, काही नाही. हवा टिकली होती. बारीक चिमटा असला तर रात्रभरात उतरेल, सकाळी चाक बसलेलं दिसेल, झालं. तिनं हात पुसले. झालं, ती मनाशी म्हणाली. आत्या शेंगा सोलत होत्या.

आणि नाही उतरली तर?

हे तिला उभं राहताना सुचलं, एक पाय गोणपाटावर असताना. रात्रभर टिकली... तो कधी चाक तपासत नाही, तिनं बसवलेलं तर नाहीच... आणि पहिल्या उडीला टिकली, दुसऱ्या उडीला टिकली, आणि तिसऱ्या उडीला, गाडी हवेतून खाली येताना पुढच्या चाकावर सगळा भार आला आणि तो चिमटा तिथं उलला, तर? आगीतून फुफाट्यात तरी निदान माणूस आपल्या पायानं जातो. मी तर त्याला हातानं ढकललंय. ती मटकन खाली बसली, पिन उपसली, आणि हवा सूं करीत तिच्या तोंडावर आली. आत्ताच भरलेली, तिच्याच हातची. टाच, लिव्हर, दुसरी लिव्हर. ट्यूब तिनं आतड्यासारखी ओढून बाहेर काढली, पुन्हा फुगवली, आणि घमेल्यात पाणी घेऊन बुडवली.

थोडी थोडी करून फिरवली. व्हॉल्व्हपासून सुरुवात, मग पुढची वीत, मग त्याच्या पुढची. ती ओणवी झाली होती, नाक पाण्याला लागेल इतकी. पावडर निघून पाणी पांढुरकं झालं, तेव्हा तिनं ते ओतून दुसरं घेतलं. पुन्हा व्हॉल्व्हपासून. ये, ती म्हणत होती, ये रे, एक तरी ये, एक तरी बुडबुडा... एक दिसला की मला ही ट्यूब कल्याणसमोर धरता येईल, म्हणता येईल बघा, फुटली, माझ्या हातून फुटली, दुसरी नाही, आता नाही जाता येत, मारा मला पाहिजे तर. जिथं लिव्हर लागली होती ती जागा तिनं पाण्याखाली अंगठ्यांनी ताणून बघितली. रबर काळंभोर, गुळगुळीत. ओरखडासुद्धा नाही.

ट्यूब चांगली होती. हात चुकलाच नव्हता.

हे बघून माणसाला हायसं वाटतं. तिला वाटलं नाही. तिला रडू आलं, आणि ते कशाचं आहे हे तिला स्वच्छ कळलं, आणि ते कळल्याबरोबर थांबलंही. पाण्यात तिचे दोन हात होते, पाण्यातून मोठे दिसणारे, आणि काठावर तिचा चेहरा हलत होता, ओळखू येईल न येईल असा. ही बाई कोण हाय? त्या वेळी तिनं किती घाईनं उत्तर दिलं होतं. आज कुणी विचारलं असतं तर तिला थोडा वेळ लागला असता.

"पुन्हा कशाला काढून राह्यलीस?" कल्याण पायरीवर उभा होता, गुडघ्यांना पॅड बांधून बघत. ते त्याला बरोबर बसत होते आणि तो खुशीत होता. खुशीत असला की तो पोरासारखा दिसतो. ह्याच चेहऱ्यावर ती भाळली होती, खोटं कशाला बोला.

"चिमटली आसंल, वाटलं."

"तुझ्या हातून?" तो हसला. "बिलकुल न्हाई. आण जल्दी, बद्री वळणापर्यंत आला आसंल."

तिनं ट्यूब लुगड्याच्या पदरानं पुसली. पावडर लावली. मग एकदम म्हणाली, "आवो... ह्या वक्ताला तुमी बघा ना एकदा. बसवल्यावर. हात लावून."

"काय बघायचंय त्यात? तू बसवलास ना."

"तरी बघा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण तो क्षणभर थांबला. उषाबाईंचे हातही थांबले. त्यानं दैवशालाकडे बघितलं, नीट, आणि ती बघू देत राहिली. बघा, ती मनात म्हणत होती, बघा ना, विचारा मला कोण आहे ते. मग रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला आणि तो "आलो रे" म्हणत बाहेर गेला.

उषाबाईंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या.

अंगणात ती एकटी राहिली. ट्यूब आत सरकवून सारखी केली, समोरची कड खोबणीत दाबली. आता कुठलाही चिमटा नव्हता, आता जे होईल ते सबंध, धडधाकट ट्यूबचं, आणि तेही तिच्याच हातानं. गुडघे तिनं टायरवर टेकवले, बापानं शिकवले तसे, सगळं वजन देऊन, आणि टायर खाली गप राहिला. गुडघ्यांना राग नव्हता, भीती नव्हती, त्यांना काही माहीतच नव्हतं. तशीच बसून राहावंसं तिला वाटलं.

पण लिव्हर काही गुडघ्यानं धरता येत नाही.