हेडलबीचे आजोबा

कौमुदी देवस्थळी जपानमध्ये त्सुकुबाला पीएचडी करत होती. विषय इंग्लंडमधल्या जुन्या गिरणी-गावांचा. शिष्यवृत्ती संपली तेव्हा प्रबंध अर्धाच झाला होता. तिच्या प्राध्यापकांनी ओळखीने तिला डोंगरातल्या 'इंग्लिश गावा'त काम मिळवून दिलं.

हे गाव म्हणजे सहलीची जागा. पस्तीसेक वर्षांपूर्वी, पैसा खुळखुळत होता त्या काळात, एका जपानी यंत्रकंपनीने इंग्लंडमधल्या हेडलबी नावाच्या खेड्यातली बंद पडलेली लोकरीची गिरणी विकत घेतली होती. गिरणीबरोबर कामगारांची घरंही आली. त्यातली चार घरं कंपनीने दगडांवर आकडे घालून सुटी केली, जहाजातून आणली आणि इथे पुन्हा उभी केली. सुट्टीला टोकियोहून बस भरून माणसं येत, चहा पीत, फोटो काढत.

मग कंपनीने हेडलबीत जन्मलेला एक म्हातारा शोधून आणला. वॉल्टर ऐंशीच्या घरातला, एकटा, आयुष्यभर सुतारकाम केलेला. चारातलं दुसरं घर त्याच्या आईवडिलांचं. त्याच घरात शेकोटीपाशी बसून त्याने गावाचा इतिहास सांगायचा आणि कौमुदीने तो जपानीत सांगायचा, असं ठरलं होतं. गिरणीत काय व्हायचं ते कुणालातरी कळावं, एवढ्यासाठी तो इतक्या लांब आला होता.

पहिल्याच दिवशी त्याने बहिणीचं सांगितलं. नेल पंधरा वर्षांची होती. पिंजणयंत्र थांबवलं की मुकादम ओरडायचा, म्हणून मुली ते चालूच साफ करायच्या. तिचा हात आत गेला. तिला उचलून याच खोलीत आणलं, खिडकीखाली ठेवलं, आणि डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. पुढच्या सोमवारी तिच्या जागी शेजारची मुलगी कामाला लागली.

कौमुदीने शब्द न् शब्द जपानीत सांगितला. माणसं खाली मान घालून बाहेर पडली. त्या दिवशी चहाला कुणी थांबलं नाही.

व्यवस्थापक मोरिता-सान रागावले नाहीत. लोक इथे मन रमवायला येतात, असं ते हळू आवाजात म्हणाले, आणि तिच्या व्हिसाचं काम याच वर्षी करायचं आहे याची त्यांनी आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून जपानीतली नेल नाचू लागली. वॉल्टर आपलं मनगट घट्ट धरून हात कुठून तुटला ते दाखवी, आणि कौमुदी सांगे, असा हात धरून भाऊबहीण या खोलीत गिरक्या घेत. माणसं हसत, टाळ्या वाजवत. वॉल्टर गोंधळला. हे हसतात का, म्हणून त्याने विचारलं. जपानी माणसं दुःख हसण्याआड लपवतात, असं तिने त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसला. तेव्हापासून कुणी हसलं की तोही कृतज्ञतेने मान झुकवू लागला. रविवारी तो तिच्यासाठी स्वतः चहा करी.

ऑक्टोबरात टोकियोजवळच्या उरायासुहून वृंदा नावाची एक बाई आली. टोकियोत बँकेत नोकरी, इंग्रजी आणि जपानी दोन्ही चांगलं येणारी. कार्यक्रमभर ती एकदा वॉल्टरकडे, एकदा कौमुदीकडे बघत राहिली. शेवटी कौमुदीच्या छातीवरचं नाव वाचून मराठीतच म्हणाली, "तुम्ही हे मुद्दाम करताय?"

"प्लीज, इथे नको," कौमुदी म्हणाली. "माझा व्हिसा यांच्याकडे अडकलाय."

"त्यांची बहीण मेलीये हो. आणि लोक टाळ्या वाजवतायत."

कौमुदी पुन्हा माणसांकडे वळली. तेव्हा वृंदा वॉल्टरपाशी जाऊन उकिडवी बसली आणि तिने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं.

वॉल्टरने कौमुदीला विचारलं, "नेल काय करते, तुझ्या गोष्टीत?"

"नाचते."

त्याने समोरच्या माणसांकडे पाहिलं. काही अजून हसतच होती. मग तो म्हणाला, "आता सांग त्यांना. मी थांबतो."

दारात मोरिता-सान उभे होते. कौमुदी जपानीत म्हणाली, "आजोबा आज थकलेत. चहा पलीकडच्या घरात आहे." माणसांनी वॉल्टरला वाकून नमस्कार केला आणि ती रांगेने बाहेर पडली. तिने काय सांगितलं हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. कंपनीच्या गाडीतून कौमुदीने त्याला स्टेशनवर सोडलं. बॅग घ्यायला तिने हात पुढे केला, पण त्याने ती दुसऱ्या हातात घेतली. फलाट कुठला, एवढंच विचारलं, आणि तिने दाखवल्यावरही तिकीट तपासणाऱ्याला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

कौमुदीचा व्हिसा झाला. डिसेंबरात कंपनीने योकोहामाचा एक निवृत्त इंग्रजी शिक्षक आणला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पांढऱ्या दाढीचा, हसरा. कौमुदीने त्याला सगळं बसवून दिलं. पाठ करता करता त्याने विचारलं, ही नेल खरंच होती का कुणी?

"नाही," कौमुदी म्हणाली. "ती आम्हीच बनवलीये."

मग दार उघडून तिने पहिल्या बसची माणसं आत घेतली.