लाल दिव्यावरची पट्टी

घरी तिला घाईबाई म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. विद्यापीठात सिनेमा शिकायला लागून दीड वर्ष झालं तरी घाई काही सुटली नव्हती. पाच वाजता वर्गासमोर फिल्म दाखवायची, आईबाबा बघायला यायचे, आणि ही बाई तीन वाजता एडिटिंगच्या खोलीत बसून शूटिंग पहिल्यांदा उघडत होती.

फिल्म बाबांवरच होती. बाबा पाट्या रंगवणारे पेंटर. चाळीस वर्षं चालवलेलं दुकान त्यांनी गेल्या रविवारी बंद केलं. हल्ली सगळे छापूनच घेतात, असं त्यांनी आईला सांगितलं, आणि आईने ते सगळ्या गोतावळ्याला सांगितलं. शेवटची पाटी रंगवताना घाईबाईने दिवसभर शूट केलं होतं. सोमवारी त्या जागेत टायरवाल्याने आपलं दुकान थाटलं. आता पुन्हा काही शूट करता येणार नव्हतं.

तिने पहिली क्लिप लावली. बराच वेळ रिकामं स्टूल, मग बाबा येऊन बसले, मग तिचाच आवाज, "रेडी? अॅक्शन!" आणि क्लिप संपली. दुसरी "कट!"पासून सुरू झाली आणि "अॅक्शन!"ला संपली. तिसरीही तशीच.

काय झालं ते तिला लगेच कळलं. बाबा दिव्याकडे बघून अवघडतात, म्हणून तिने कॅमेऱ्याच्या, रेकॉर्डिंग चालू असताना लागणाऱ्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवली होती. सकाळी चाचणी घेतली आणि कॅमेरा बंद करायला विसरली. मग दर वेळी चालू करायला बटण दाबलं ते बंद झालं, बंद करायला दाबलं ते चालू. दर शॉटला स्क्रीनवरचे वेळेचे आकडे पळतायत का बघत जा, असं सर घसा कोरडा करून सांगत. बघायला वेळ कोणाला होता?

नापास होणार, हे नक्की. तरी हातात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ती पुढे बघत राहिली.

"कट!" म्हटल्याबरोबर ती स्वतः वहीत डोकं घालून पुढचा शॉट शोधत होती. मागे बाबांनी ब्रश खाली ठेवला. ठेवला कसला, तो सुटलाच. उजवा हात थरथरत होता. त्यांनी तो डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला, दाराकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. पोरगी वहीतून म्हणाली, "बाबा, हात जरा स्थिर ठेवा हं!" ते म्हणाले, "ठेवतो की."

अकरा क्लिपांत अकरा वेळा तेच.

घाईबाईला रडू फुटलं. दिवसभर दीड हातावर बसून तिला ते दिसलं नव्हतं, आणि आईला तर ठाऊकच नव्हतं. हे लावलं तर आईला वर्गभर पोरांदेखत कळणार. नाही लावलं तर दाखवायला शून्य. चार वाजून गेले तरी ती नखं खात बसली. शेवटी फोन केला.

"बाबा, निघालात?"

"चपला घालतोय. काय गं, चांगलं आलं ना?"

"बाबा... मी बटण उलटं दाबलं. अॅक्शनचं काहीच नाही आलं. मधलंच आलंय सगळं. कटनंतरचं."

आईचा लांबून आवाज आला, "काय म्हणतेय?"

"हात दिसतो?" बाबांनी हळूच विचारलं.

"दिसतो. मी नाही लावत, बाबा. सरांना सांगते, कॅमेरा बिघडला."

"खोटं कशाला बोलतेस? तुझी फिल्म सगळ्यांच्या शेवटी लावायला सांग."

"शेवटी का?"

"आम्ही चालत येतो. वाटेत आईला सांगायला तेवढा वेळ लागेल."